रिसीव्हर मुका झालाय? फ्यूज बदलण्याआधी पॉवर सप्लाय या क्रमाने तपासा

मे संपता संपता इंदुरात पहिलं वादळ येतं, रात्री लाइट तीन-चारदा ये-जा करते आणि सकाळी होम थिएटरचा रिसीव्हर उठतच नाही. मग झाकण उघडलं जातं. काचेचा फ्यूज काळा पडलेला दिसतो. घरात तसाच दुसरा नसतो, म्हणून जास्त अँपिअरचा बसवला जातो, नाहीतर सरळ तारेचा तुकडा. बटण दाबताच ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि जळका वास येतो. एका ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणारा चार डायोडचा भाग) भागलं असतं ते काम आता ट्रान्सफॉर्मरवर जाऊन पडतं, आणि जुन्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मिळणं फार कठीण.

फ्यूज स्वतःहून सहसा जात नाही. त्याच्यापुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं, आणि ते बऱ्याचदा पॉवर सप्लायमध्ये नसून अँप्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये असतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी वीज न लावता मोजमाप, मग सिरीज बल्बवर (सेटच्या वाटेत करंट अडवायला लावलेला बल्ब) स्टँडबाय, म्हणजे लाल दिवा जिवंत ठेवणारा छोटा सप्लाय, मग भार, म्हणजे अँप्लिफायर, तोडून मुख्य सप्लाय, आणि सगळ्यात शेवटी भार जोडून. यातली एक पायरी गाळली तर नवा भागही जुन्याच्या वाटेने जातो.

हा लेख मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टिरिओ आणि सराउंड रिसीव्हरसाठी आहे. संपूर्ण स्विचिंग सप्लायवर चालणाऱ्या पातळ सेटला यातल्या इनपुटच्या आणि स्टँडबायच्या तपासण्या तेवढ्या लागू पडतील.

सावधान: आत २३० व्होल्ट उघडे असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. चालू सर्किटवर मीटर लावायची सवय नसेल तर चौथ्या टप्प्यापर्यंतच्या तपासण्या करा आणि आकडे लिहून सेट कारागिराकडे द्या. तेवढ्यानेही त्याचं अर्धं काम होतं.

## १. झाकण उघडण्याआधी लक्षण नीट पाहा

सेटला जोडलेलं सगळं काढा: स्पीकर, एचडीएमआय, सबवूफर, अँटेना, डिशची केबल. प्लग दहा मिनिटं बाहेर ठेवा. मग फक्त मेन्सची वायर लावून सेट चालू करून पाहा. स्पीकरच्या वायरीचा एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला असला तरी सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि ही चूक वाटते त्याहून फार जास्त घरांत सापडते.

आता काय होतं ते बघा.

- लाल दिवाच लागत नाही. इनपुट, फ्यूज किंवा स्टँडबाय सप्लाय.
- लाल दिवा आहे, पण बटण दाबल्यावर रिलेची (विजेने ओढला जाणारा स्विच) टिकटिक नाही. स्टँडबायचा व्होल्टेज भाराखाली बसतोय, किंवा रिले आणि त्याचा ट्रान्झिस्टर.
- टिक होतं, काही सेकंदांत पुन्हा टिक होऊन सेट बंद, दिवा लुकलुकतो. हे प्रोटेक्शन. इथे सप्लाय बऱ्याचदा धडधाकट असतो आणि दोष आउटपुटमध्ये.
- चालतो, पण सगळ्या चॅनेलमधून गुणगुण येते. फिल्टर कंडेन्सर, ब्रिज किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज एका आकड्यावर स्थिर ठेवणारा भाग).
- आवाज आहे, डिस्प्ले काळा. डिस्प्लेचं वेगळं वाइंडिंग किंवा त्याचा ऋण व्होल्टेज.

सेटच्या पाठीवरची पट्टी वाचा. अमेरिकेहून आणलेल्या सेटवर १२० व्होल्ट, जपानी बाजाराच्या सेटवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. असा सेट थेट आपल्या सॉकेटला लागला असेल तर लहान स्टँडबाय ट्रान्सफॉर्मर किंवा इनपुटचा व्हॅरिस्टर (जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. मुख्य ट्रान्सफॉर्मर बहुधा वाचलेला असतो, कारण त्याचा रिले लागण्याआधीच स्टँडबाय मेलेला असतो. पाठीवर व्होल्टेज बदलायचा स्विच असेल तर तो २२०–२४० वर आहे ना, तेही आत्ताच पाहून घ्या.

तपासा: भिंतीच्या सॉकेटचा व्होल्टेज मोजा. २६० च्या वर असेल तर काम थांबवा आणि आधी घराची वायरिंग दाखवा. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर ३०० च्या पुढेही जातो, आणि त्या घरात दुरुस्त केलेला सेट पुन्हा जळतो.

## २. तयारी

बहुतेक कामं इथेच बिघडतात, कारण झाकण काढायची घाई असते.

मीटर. डिजिटल हवा, डायोड रेंज आणि बजर (वाट जोडलेली असली की वाजणारा) असलेला, ६०० व्होल्टपर्यंतच्या कॅट टू किंवा कॅट थ्री सुरक्षा दर्जाचा. लीडचं रबर कुठे तडकलेलं नको. लाल लीड व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर तिथे सरळ शॉर्ट करतो.

सिरीज बोर्ड. याच्याशिवाय कामाला बसू नका. लाकडी बोर्डावर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट लावायचा. फेजची वायर आधी बल्बमधून जाते आणि मग सॉकेटला पोचते. न्यूट्रल आणि अर्थ सरळ सॉकेटला. बल्ब जुना तारेचा, पिवळ्या उजेडाचाच हवा, ६० आणि १०० वॅटचा एकेक. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, कारण करंट अडवण्याचं काम टंगस्टनची तार करते: थंड असताना तिचा रोध थोडा असतो, तापली की दहापटीहून जास्त वाढतो. १०० वॅटच्या बल्बमधून, पुढे काहीही शॉर्ट असलं तरी, साधारण ०.४३ अँपिअरच्या वर करंट टिकत नाही. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत सांगून मागितला तर तारेचा बल्ब मिळतो.

डिस्चार्जचे रोध. दोन हवेत: २.२ किलोओहम ५ वॅट आणि १० किलोओहम ५ वॅट, दोन्ही वायरवाउंड. पायांना इन्शुलेटेड वायर जोडा, टोकाला क्लिप लावा, उघड्या जागी स्लीव्ह चढवा.

सोल्डरिंग. बारीक कामाला २५ वॅटची इस्त्री चालते. मोठ्या कंडेन्सरचे पाय आणि जाड ग्राउंड पट्ट्या यांना ६० वॅटची लागते. लहान इस्त्री दाबून धरत बसलात तर ट्रॅक उचकटतो. सोबत सक्शन पंप आणि वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वीक (जाळीची पट्टी).

सर्व्हिस मॅन्युअल. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. एकाच नंबरचा युरोपचा, अमेरिकेचा आणि आशियाचा सेट आतून वेगळा असू शकतो. मॅन्युअलमधला पॉवर सप्लायचा आराखडा छापून जवळ ठेवा आणि मोजलेले आकडे त्यावरच पेन्सिलीने लिहा.

जागा कोरडी, टेबल लाकडी, पायाखाली रबरी चटई किंवा पाट, हातात अंगठी-कडं नाही. घरात दुसरं कुणीतरी असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा.

## ३. उघडणं आणि डिस्चार्ज

प्लग काढा. प्लग डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा, कुणी सहज म्हणून लावायला नको. मग झाकण काढा आणि कुठलीही वायर हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या.

दोन मोठे उभे डबे दिसतील, मनगटाच्या जाडीचे, वर ६३ किंवा ७१ व्होल्ट असं काही छापलेलं. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून दोघांवरचा व्होल्टेज मोजा. २ व्होल्टच्या वर असेल तर २.२ किलोओहमचा रोध एकेका कंडेन्सरच्या दोन टोकांना लावा. १०,००० मायक्रोफॅरडला या रोधातून पुरता उतरायला जवळपास दोन मिनिटं लागतात, तितका वेळ धरा. मग पुन्हा मोजा. २ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका.

स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं ही बाजारात सर्रास चालणारी सवय आहे. ती सोडा. ५० व्होल्टला चार्ज झालेल्या अशा एका कंडेन्सरमध्ये १२.५ ज्यूल ऊर्जा असते. त्या ठिणगीत कंडेन्सरची आतली जोडणी आणि बोर्डाचा ट्रॅक दोन्ही दुखावतात.

स्टँडबाय जर स्विचिंग प्रकारचा असेल तर त्याच्या इनपुटलाही एक छोटा कंडेन्सर असतो, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. त्यावर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज असू शकतो. तो १० किलोओहमच्या रोधाने उतरवा आणि त्याआधी मीटरची रेंज १००० व्होल्टवर न्या.

लक्षात ठेवा: पुढे प्रत्येक वेळी सेट बंद केला की हा टप्पा पुन्हा करायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळा येतो आणि झटका तेव्हाच बसतो.

## ४. थंड तपासणी: वीज न लावता

आधी डोळे आणि नाक. फुगलेल्या टोप्यांचे कंडेन्सर, काळवंडलेले रोध, तडकलेला निळा किंवा पिवळा चपटा व्हॅरिस्टर, मुख्य ट्रान्सफॉर्मरवर वितळलेली टेप. मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी लावलेला जुना पिवळट गोंद तपकिरी पडला असेल तर खरवडून काढा. तपकिरी झाला की तो वीज वाहू लागतो आणि खालचे पाय कुरतडतो.

फ्यूज. काच उजेडात धरा. आतून काळी-चंदेरी झिलई चढली असेल तर कडक शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर जास्त भार किंवा वय. डोळ्यांवर भिस्त न ठेवता फ्यूज काढून बजरवर तपासा. टोपीवरचं लिखाण जसंच्या तसं उतरवून घ्या: टी ३.१५ ए २५० व्होल्ट म्हणजे सावकाश उडणारा, ३.१५ अँपिअरचा. त्याच्या जागी चटकन उडणारा एफ लावला तर चांगला सेटही चालू होताना फ्यूज उडवेल. जास्त अँपिअरचा लावला तर आग लागू शकते.

मेन्स वायर. प्लगच्या पिनेपासून बोर्डापर्यंत बजर, वायर हलवत हलवत.

व्हॅरिस्टर. वादळानंतरचा हा पहिला संशयित. चांगल्याचा रोध मेगओहममध्ये असतो. बोर्डावर काही ओहम दिसले तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा. शॉर्ट झाला असेल तर त्याने आपलं काम केलं आहे आणि पुढचं सर्किट वाचलेलं असू शकतं. बदलताना वर लिहिलेला नंबरच घ्या. ४७१ म्हणजे ३०० व्होल्ट एसीपर्यंतचा. नुसता कापून फेकून सेट चालवू नका, पुढच्या वादळाला तो हवाच.

ट्रान्सफॉर्मर. मोठ्याचा प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) साधारण २ ते १० ओहम, लहान स्टँडबाय ट्रान्सफॉर्मरचा काही शे ओहम. तो ओपन, म्हणजे तुटलेला, दिसला तर घाईने मेलेला ठरवू नका. प्रायमरीच्या टेपखाली थर्मल फ्यूज लपलेला असतो आणि कधीकधी तेवढाच गेलेला असतो. तो त्याच तापमानाचाच बदलायचा; पाय सोल्डर करताना पक्कडीने उष्णता शोषून घ्या, नाहीतर बसवतानाच उडेल. थर्मल फ्यूज कायमचा जोडून टाकणं म्हणजे घरात शेगडी ठेवून झोपणं.

ब्रिज. मीटर डायोडवर. ब्रिजमधल्या चारही डायोडला एका दिशेने ०.४५ ते ०.६ आणि उलट दिशेने काहीच नाही असं दिसलं पाहिजे. दोन एसी पायांमध्ये बजर वाजला तर एक एसी वायर सोडवून पुन्हा मोजा, कारण बोर्डावर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग तिथेच समांतर असतं. ही गफलत इतकी सर्रास होते की चांगले ब्रिज काढून फेकले जातात. आकडा हळूहळू चढताना दिसला तर तो कंडेन्सर चार्ज होतोय, दोष नाही.

आउटपुट ट्रान्झिस्टर. इथे वेळ द्या. हीटसिंकवर ओळीने बसलेल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ते एमिटर डायोड रेंजवर मोजा. मल्टिचॅनेल सेटमध्ये एक सोय आपसूक मिळते: पाच किंवा सात चॅनेल एकसारखे असतात, म्हणून चांगल्या चॅनेलचा आकडा हीच मोजपट्टी. सगळीकडे ०.४ ते ०.६ च्या आसपास किंवा ओपन, आणि एकाच ठिकाणी ०.००, तर चोर सापडला. सगळे चॅनेल एकाच रेलवर (सप्लायच्या डीसी लाइनवर) असल्यामुळे एक शॉर्ट सगळा सेट खाली बसवतो.

गणपतीच्या दहा दिवसांत घरचा रिसीव्हर अंगणात नेऊन त्यावर चार मोठे स्पीकर लावले जातात. ८ ओहमचे दोन समांतर लावले की ४ ओहम होतात, आणि सेटच्या पाठीवर किमान ६ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. आरतीपासून रात्रीपर्यंत तासन् तास असं चाललं की आउटपुटची जोडी शॉर्ट होते आणि घरात मात्र "पॉवर सप्लाय उडाला" असं म्हटलं जातं.

तपासा: सहाही ठिकाणचे आकडे कागदावर आहेत का? आउटपुट शॉर्ट मिळाला असेल तरी पुढे जा, पण सातव्या टप्प्याप्रमाणे रेल तोडूनच.

## ५. पहिला करंट, सिरीज बोर्डावर

योग्य फ्यूज लावा. सिरीज बोर्डात ६० वॅटचा बल्ब. स्पीकर नाहीत, कुठली केबल नाही. मीटरच्या लीड क्लिपने आधीच लावून ठेवा. वीज लागल्यावर एकच हात वापरा, दुसरा पाठीमागे.

- बल्ब एकदा लखलखून विझला किंवा अंधुक झाला: कंडेन्सर चार्ज झाले, ठीक.
- बल्ब अजिबात पेटत नाही आणि सेटमध्येही जीव नाही: वाट कुठेतरी तुटलेली.
- बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला: शॉर्ट. लगेच बंद करा आणि चौथ्या टप्प्यावर परत जा.
- बल्ब लयीत लुकलुकतोय: स्विचिंग स्टँडबाय उठायचा प्रयत्न करून पडतोय. एकदा १०० वॅटवर करून पाहा. तरी लुकलुकला तर त्याच्या पुढे शॉर्ट असतो.

फक्त स्टँडबायवर सेट अगदी थोडी वीज घेतो, त्यामुळे बल्ब विझलेलाच दिसतो आणि ते बरोबर आहे.

## ६. स्टँडबाय सप्लाय

मायक्रोकंट्रोलरला (सेटची बटणं सांभाळणारी चिप) ५ व्होल्ट मिळाल्याशिवाय बटण दाबून काही उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये स्टँडबाय ५ व्होल्टचा बिंदू शोधा. ४.८ ते ५.२ हवेत.

लहान ट्रान्सफॉर्मरचा प्रकार. सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरचं आउटपुटकडचं वाइंडिंग) एसी, मग डायोडनंतर डीसी, मग ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा इनपुट, मग आउटपुट, असं क्रमाने पुढे जा. इनपुटला किमान साडेसात व्होल्ट हवेत. इनपुट आहे आणि आउटपुट नाही, तर प्लग काढून आउटपुट ते ग्राउंड रोध मोजा. तिथे शॉर्ट असेल तर रेग्युलेटर निर्दोष आहे. इनपुट दहाचा सहा झाला असेल तर आधीचा फिल्टर कंडेन्सर सुकलाय.

स्विचिंग प्रकार. इनपुटच्या कंडेन्सरवर सॉकेटच्या व्होल्टेजच्या १.४१ पट, म्हणजे २३० ला ३२५ डीसी. मीटरची काळी लीड त्या कंडेन्सरच्याच ऋण टोकाला लावायची. ही बाजू मेन्सशी थेट जोडलेली असते, चॅसिसशी नाही. काळी लीड चॅसिसला लावून मोजणारे भलतेच आकडे वाचतात आणि चांगली आयसी बदलतात. ३२५ आहेत पण पुढे ५ नाहीत, तर दोन भाग आधी पाहा: सुरुवात करून देणारे काही शे किलोओहमचे रोध, आणि आयसीच्या सप्लायवरचा १० ते ४७ मायक्रोफॅरडचा छोटासा कंडेन्सर.

त्या छोट्या कंडेन्सरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सेट वर्षानुवर्षं प्लगमध्ये लावलेला असतो आणि चालतो. आतला कंडेन्सर उष्णतेने हळूहळू सुकत असतो, पण एकदा चालू असलेली आयसी त्या कमकुवत कंडेन्सरवरही तग धरते. मग एके दिवशी लाइट जाते. आल्यावर शून्यापासून सुरुवात करायला लागणारी साठवण त्याच्यात उरलेली नसते, आणि सेट उठत नाही. लोक वीज कंपनीला आणि वादळाला दोष देतात. खरं तर तो कंडेन्सर कधीच संपलेला होता. वर फुगलेला दिसेलच असं नाही. करंगळीच्या नखाएवढा, दिसायला अगदी नवा. बाहेर काढून ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) मोजणाऱ्या मीटरवर किंवा सरळ नवा लावून पाहायचा. १०५ अंशांचा, कमी ईएसआरचाच घ्या.

काही सेटमध्ये स्टँडबायची वीज एक्स टू वर्गाच्या (थेट मेन्सवर लावायच्या) चौकोनी कंडेन्सरमधून येते. त्याची क्षमता वर्षांगणिक घटते, लाल दिवा लागतो पण रिले ओढण्याइतका करंट मिळत नाही. बोर्डावर एक्स किंवा वाय खूण असलेला कुठलाही कंडेन्सर त्याच वर्गाचाच बदला. साधा ४०० व्होल्टचा तिथे धोकादायक आहे.

५ व्होल्ट नीट असतील तर बटण दाबा आणि मुख्य रिलेच्या कॉइलवर मोजा. व्होल्टेज आला आणि टिक नाही: कॉइल ओपन. टिक आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला एसी नाही: संपर्क जळालेत, किंवा रिलेला समांतर असलेला सिमेंटचा सॉफ्ट-स्टार्ट रोध ओपन झालाय. व्होल्टेजच आला नाही: रिले चालवणारा ट्रान्झिस्टर, नाहीतर मायक्रोकंट्रोलर प्रोटेक्शनमुळे अडवतोय.

सावधान: "चालतंय का बघू" म्हणून रिले वायरने जोडू नका. आउटपुट शॉर्ट असेल तर अडवणारं काहीच उरत नाही.

## ७. मुख्य रेल, भार तोडून

सेट बंद, प्लग बाहेर, डिस्चार्ज. मोठ्या कंडेन्सरपासून अँप्लिफायर बोर्डाकडे जाणारा धन, ऋण आणि ग्राउंडचा कनेक्टर काढा. कनेक्टर नसेल तर धन आणि ऋण रेलचे जंपर सोडवा, मार्करने खुणा करून. असे जंपर सोडवताना ग्राउंड मात्र तोडू नका.

आता सिरीज बोर्डावर १०० वॅटचा बल्ब लावून चालू करा. काही सेट रेल नाहीत हे ओळखून लगेच बंद होतात, पण कंडेन्सर चार्ज व्हायला तेवढा वेळ पुरतो. बल्बमुळे व्होल्टेज थोडा खाली राहिला म्हणूनही सेट प्रोटेक्शनमध्ये जाऊ शकतो. तो दोष समजू नका.

मोजायचं असं:

- धन आणि ऋण रेल, ग्राउंडच्या संदर्भात. आकडा मॅन्युअलमधल्याजवळ, आणि दोघांतला फरक एक व्होल्टच्या आत.
- एक बाजू ठीक, दुसरी निम्मी किंवा शून्य: ब्रिजचा डायोड, सेकंडरीची जोडणी, किंवा त्या बाजूचा कंडेन्सर.
- दोन्ही शून्य पण प्रायमरीला एसी आहे: सेकंडरीचे फ्यूज. बऱ्याच सेटमध्ये ते ब्रिजच्या आधी सोल्डर केलेले असतात आणि नजरेतून सुटतात.

मग लहान रेल. ७८१५ ला १४.४ ते १५.६, ७८१२ ला ११.५ ते १२.५, ७९१५ ला ७८१५ एवढेच, पण ऋण. डिस्प्लेला वेगळा ऋण व्होल्टेज असतो, साधारण २५ ते ३० च्या घरात.

गुणगुणीची तक्रार असेल तर सेट पूर्ण जोडल्यावर रेलवर मीटर एसीला लावून रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) मोजा. सेट नुसता चालू असताना मुख्य रेलवर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर फिल्टर थकलेत. रेग्युलेटरच्या पुढे तो काही मिलिव्होल्टच हवा. कानही मदत करतो: चारही डायोड चालत असतील तर गुणगुण १०० हर्ट्झची येते, त्याहून एक सप्तक खाली, ५० ची जाड घुमणारी आली तर ब्रिजचा एखादा पाय ओपन आहे, नाहीतर ग्राउंड लूप.

भार तोडल्यावर सगळं बरोबर आलं, तर तुमचा पॉवर सप्लाय गेलेलाच नव्हता. अँप्लिफायरकडे वळा, सप्लायचे भाग बदलत बसू नका.

## ८. भाग बदलताना

फिल्टर कंडेन्सर. व्होल्टेज तेवढाच किंवा वरचा, क्षमता तेवढीच, फार तर वीस टक्के जास्त. "दुप्पट लावा, बास सुधारेल" हा सल्ला ऐकू नका. चालू होतानाचा झटका वाढतो आणि ब्रिज, रिले, फ्यूज तिघांवर ताण येतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे. विकत घेण्याआधी पायांमधलं अंतर आणि उंची मोजून न्या, झाकण बसलं पाहिजे. इंदूरच्या जेल रोडला घ्या किंवा बाहेरून मागवा, घरी आल्यावर क्षमता मीटरवर मोजूनच लावा. उलटा लागला तर फुटतो, म्हणून बोर्डावरची खूण आणि डब्यावरची ऋण पट्टी दोनदा जुळवा.

रेग्युलेटर. सगळ्यात जास्त चुका इथे. ७८ मालिकेचे पाय समोरून डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९ मालिकेचे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७९ ची धातूची पाठ ऋण इनपुटला जोडलेली असते. अभ्रकाचा पातळ पापुद्रा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूची प्लॅस्टिक टोपी न लावता हीटसिंकवर आवळलात तर ऋण रेल सरळ चॅसिसला शॉर्ट. बसवल्यावर पाठ ते हीटसिंक बजर वाजता कामा नये.

ब्रिज. १५ अँपिअर २०० व्होल्टच्या जागी २५ अँपिअर ४०० व्होल्टचा चालतो, बसला तर. हीटसिंकची पेस्ट पातळ लावा.

आउटपुटची जोडी. ५२००–१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी दुकानात मागाल तशी मिळते आणि नकलाही तितक्याच फिरतात. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर वरची अक्षरं निघू लागली तर परत करा. एक गेला तरी जोडी बदला; ०.२२ ओहमचे एमिटर रोध, ड्रायव्हर आणि बेसचे छोटे रोध तपासल्याशिवाय नवी जोडी लावू नका, कारण ओपन झालेला एक दहा ओहमचा रोध नवी जोडी पहिल्याच सेकंदाला खातो.

## ९. भार जोडून, आणि झाकण लावण्याआधी

रेल परत जोडा. पुन्हा सिरीज बोर्ड, १०० वॅट. बल्ब लखलखून अंधुक झाला पाहिजे. पूर्ण पेटला तर थांबा, आउटपुट अजून शॉर्ट आहे.

स्पीकर न जोडता प्रत्येक चॅनेलचा डीसी ऑफसेट (आउटपुटला उरलेला नको असलेला डीसी) स्पीकर रिलेच्या आधी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक. १०० च्या वर गेला तर स्पीकर लावू नका. रेलचा पूर्ण व्होल्टेज तिथे आला असेल तर रिले लागताच वूफरची कॉइल जळते.

हे जमलं की सिरीज बोर्ड बाजूला काढून सेट थेट सॉकेटला. अर्धा तास स्पीकरशिवाय चालवा. दर दहा मिनिटांनी ऑफसेट पुन्हा मोजा आणि प्लग काढून ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, रेग्युलेटर यांच्याजवळ हाताचा तळवा नेऊन ऊब पाहा. सगळे हीटसिंक सारखे कोमट हवेत. एकच चटका देत असेल तर त्या चॅनेलचा बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहणारा छोटा करंट) तपासायचा राहिला आहे. मग एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावून प्रत्येक चॅनेल ऐका.

शेवटची मोजणी प्लगवर. प्लग सॉकेटच्या बाहेर, सेटचा पॉवर स्विच दाबलेला. फेज आणि न्यूट्रलच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून त्या आणि चॅसिस यांच्यातला रोध मीटरच्या २० मेगओहम रेंजवर घ्या. एक मेगओहमच्या खाली आला तर सेट घरच्यांच्या हातात देऊ नका. एखादी वायर झाकणाखाली चिमटली आहे किंवा वाय कंडेन्सर गळतोय. कारागिराकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन मोजणारा मीटर) असेल तर त्याच्याकडून हीच मोजणी पुन्हा करून घ्या.

झाकणाचे स्क्रू लावताना हीटसिंकच्या जाळीत अडकलेली धूळ ब्रशने काढा. सेट कपाटाच्या बंद कप्प्यात जाणार असेल तर वर किमान दहा सेंटीमीटर मोकळी जागा सोडा आणि त्यावर डिशचा बॉक्स ठेवू नका. वादळाची चाहूल लागली की स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि अँटेनाची केबल दोन्ही ओढून बाहेर काढा.